उरलं तर हिस्सेदाराचं

आमची विहीर चार घरांत मिळून होती. आठवड्याचे दिवस वाटलेले होते आणि शुक्रवार आमचा होता. त्या दिवशी उजाडल्यापासून मोट आमची, बैल आमचे आणि पाणी मायच्या मिरचीला. मिरची बाजारात गेली की जे यायचं ते मायच्या हातात यायचं. तिच्या स्वतःच्या हातात येणारी तेवढीच कमाई होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी हिंगोलीत नवी जीन उभी राहणार अशी बोलवा उठली. कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना, आणि तोही एका शेटचा नाही, हिस्सेदारांचा. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अंगात वारं शिरलं. रोकड नव्हती. त्यांनी शुक्रवारचं पाणी चुलत्यांना विकलं आणि जिनीचे हिस्से घेतले. मायला हे सगळं झाल्यावर कळलं. ती भांडली नाही. मिरचीच्या वाफ्यांकडे जाऊन बसली आणि दुपारी उठून घरी आली.

हंगामात कापसाच्या गाड्यांची जिनीपुढे रांग लागली. दादांनी आपली गाडी रांगेच्या बाजूनं काढून थेट फाटकाशी नेली. मीही गाडीत कापसावर बसले होते. जिनीचा हिशेब पाहणारे मुनशी बाहेर आले. पिकल्या दाढीचे, शांत मुसलमान गृहस्थ होते.

"माझा हिस्सा हाये," दादा म्हणाले. "माझा वार कोणता तेवढं सांगा."

मुनशींना आधी कळेचना. मग दादांनी विहिरीचे वार समजावले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

"पाटील, इथं वार न्हाई. अख्खी जीन तुमा सगळ्यांची, पण यातला एक खिळाबी तुमच्या एकट्याचा न्हाई. रांगेत बराबर उभं ऱ्हा."

मालक असून रांगेत! परतताना दादा वाटभर बैलांवर खेकसत होते. बैलांचा काय दोष होता कोण जाणे.

वर्षाच्या शेवटी हिस्सेदारांची बैठक झाली. दादा धुतलेला फेटा बांधून गेले, इतरांबरोबर हात वर केला आणि रिकाम्या हातानं परत आले. जेवताना सांगू लागले. आधी मजुरांची मजुरी, मग कोळसा, तेल, मग सावकाराचं व्याज, मग सरकार. एवढ्यांचं भागल्यावर उरलं तर हिस्सेदाराचं. यंदा उरलं नाही. पैसे परत मागितले, तर मुनशी म्हणाले, तुम्ही उधार दिले नव्हते, हिस्सा घेतलात. नको असेल तर गिऱ्हाईक शोधा. गिऱ्हाईक कुठलं मिळायला?

माय चुलीपुढून म्हणाली, "म्हंजे माझ्यावानीच की. समद्यांचं झाल्यावर टोपल्यात ऱ्हाईल ते."

"व्हय, तसंच," दादा म्हणाले आणि त्यांनी पुढची भाकरी मागितली.

मिरचीचे वाफे तोवर वाळले होते. जी बाई मिरची विकायची ती आता बाजारातून विकत आणू लागली, आणि तिखट टाकताना तिचा हात आखडायचा. दादांना ते दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण मनावर घेतलं नाही.

मग युद्ध आलं आणि एका वर्षी जिनीत भरपूर उरलं. उरलेल्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नव्हता, त्यामुळे हिस्सेदारांची चंगळ झाली. हिंगोलीचे एक सरकीवाले व्यापारी दादांचे हिस्से चढ्या भावानं घ्यायला तयार झाले. त्याच सुमारास चुलत्यांना नवी बैलजोडी घ्यायची होती, तेही शुक्रवार परत द्यायला राजी होते. मायनं विषय काढला.

"आता विकू? आता तर जीन चालून राहिली!" दादा म्हणाले. "आणखी हिस्से घेतो मी."

त्या दिवशी सांजेला मायनं मोजक्याच भाकऱ्या केल्या, आपलं ताट वाढून घेतलं आणि सगळ्यांच्या आधी जेवायला बसली. आम्ही भावंडं बघत राहिलो. दादांना वाटलं, हिला बरं नसेल. तिनं सावकाश, पोटभर खाल्लं, हात धुतला आणि टोपलं आमच्यापुढे सरकवलं. आत दीड भाकरी होती.

"बसा," ती दादांना म्हणाली. "उरलं ते हिस्सेदाराचं."

दादा हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. ती दीड भाकरी त्यांनी आम्हा लेकरांत वाटली आणि पाणी पिऊन उठले. थोड्याच दिवसांत हिस्से सरकीवाल्यांकडे गेले आणि शुक्रवार आमच्याकडे आला.

पुढे अठ्ठेचाळीस साली, पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत, जीन बंद पडली. सरकीवाले बाजारात भेटले की तक्रार करत नसत. धोका समजूनच मी हिस्से घेतले होते, एवढंच म्हणत. आपण वेळेवर विकले, हे दादा जन्मभर स्वतःची दूरदृष्टी म्हणून सांगत राहिले, आणि मायनं त्यांना कधी टोकलं नाही.

मला मात्र तो परत आलेला पहिला शुक्रवार आठवतो. दिवसभर मोट चालली, माय चिखलात उभी राहून वाफ्यांना पाणी देत होती आणि गाणं म्हणत होती. सांजेला तिनं पहिल्यासारखं सगळ्यांना वाढलं. टोपल्यात तिच्यासाठी चतकोर उरली. मला राग आला, आजही येतो. मी माझ्या ताटातली अर्धी भाकरी मोडून टोपल्यात ठेवली.

तिनं ती उचलली आणि दादांच्या ताटात वाढली.