मांडवाची एक बाजू

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर गिटार पुसली. दुपारी जेवणं झाल्यावर, ओटीवर बसून. मी गिटार मांडीवर धरली होती आणि हिरू, माझी बायको, खोबरेलाच्या फडक्यानं एकेक तार पुसत होती. आमच्या पालघरकडच्या माहीमचा वारा खारा, तारा गंजतात. दर वर्षी तिच्या भावाच्या आठवणीच्या कार्यक्रमाआधी आम्ही हे करायचो. त्यात नवीन काही नव्हतं.

पुढचं जे सांगतोय ते हिरूला ठाऊक नव्हतं. तिला नाही म्हणजे कोणालाच नाही. मी चौथी शिकलेला माणूस. आधी होडीवर खलाशी, मग बोईसरच्या कारखान्यात पाळ्या. लिहायची सवय नाही. पण तोंडानं सांगायला गेलो तर पुन्हा खोटंच निघेल — म्हणून लिहितो.

तिचा भाऊ दामू. बोईसरला आम्ही एकाच भाड्याच्या खोलीत राहायचो. खोलीतल्या एका गोवेकराकडे परदेशी, लांब केसवाल्या वाजवणाऱ्यांच्या टेपा होत्या. दामू रात्रपाळी करून यायचा आणि झोपायचं सोडून टेपला कान लावून बसायचा. शब्द एक कळत नव्हता त्याला. पण बोटं बरोबर तिथं जायची. गोवेकर गावी परत गेला तेव्हा जुनी गिटार दामूलाच देऊन गेला.

मग आमची वाजवणाऱ्यांची पार्टी झाली. किनाऱ्यावरच्या हळदी आम्ही वाजवायचो. म्हाताऱ्या त्याला चिडवायच्या, "दामू, केस काप रे, नवरी कोण नि नवरा कोण कळत नाय."

तो म्हणायचा, "मावशी, केस कापले तर तारा उतरतात."

आणि आमचंच हळदीचं गाणं तो असं काही ओरबाडून वाजवायचा, की त्याच म्हाताऱ्या पदर खोचून नाचायच्या. तसा वाजवणारा या किनाऱ्यावर पुन्हा झाला नाही. हे मी मेहुणा म्हणून सांगत नाही. मी त्याच्या मागे ढोल वाजवत होतो, म्हणून सांगतो.

ढोल माझा, आणि विजेचं कामही माझं. वाळूत मांडव असला की अर्थिंग करावं लागतं. लोखंडी सळई वाळूत खोल ठोकायची, गिटारचा आवाज वाढवणाऱ्या मशीनची तार तिला बांधायची, वरून मिठाचं पाणी ओतायचं. मशीनमध्ये वीज फुटली तर ती सळईतून जमिनीत जाते. नाहीतर माणसातून जाते. एवढं साधं काम. ते माझं होतं.

एडवणला हळद होती. संध्याकाळी वारा सुटला आणि मांडवाची एक बाजू उडायला लागली. नवरीचा मामा ओरडत आला, "अरे, खुंटा द्या कोणीतरी." जवळ काही नव्हतं. मी काय केलं — मशीनजवळची सळई उपसली, मांडवाच्या कोपऱ्यात ठोकली आणि दोर तिला बांधला. मामा खूश झाला. म्हटलं, वाजवायच्या आधी दुसरा खुंटा शोधू आणि सळई परत लावू. मग कोणीतरी हातात ताडी दिली. मग दुसऱ्यानं दिली. विसरलो म्हणू का? विसरलो नव्हतो. याआधीही एकदा सळई न लावता वाजवलं होतं, काही झालं नव्हतं — हे मनात आलं होतं. आठवतंय मला.

दामू जेवत होता. लोकांनी हाका मारल्या तसा उठला. हिरूचं तेव्हा लग्न झालं नव्हतं, ती पंक्तीत वाढत होती. तिनं तांब्यातून त्याच्या हातावर पाणी घातलं. तो हात झटकत पळत आला, गिटार गळ्यात घातली आणि माईक धरला.

मी वाजवतच राहिलो. तो थरथरत होता ते मला नाचणंच वाटलं. त्याचं वाजवणं तसंच असायचं ना? लोकांनी शिट्ट्या मारल्या. जनरेटर बंद करायला किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही.

त्याला जीपमध्ये घालून पालघरला नेलं. सगळे जीपमागे पळाले. मी गेलो नाही. मी मांडवाच्या कोपऱ्यात गेलो, दोर सोडला, सळई उपसली आणि मशीनजवळ ठोकली. तार बांधली. हिरूच्या हातून सुटलेला तांब्या वाळूत पडला होता, त्यात थोडं पाणी उरलं होतं. तेच ओतलं.

मांडवाची ती बाजू खाली बसली. का बसली, असं एकाही माणसानं विचारलं नाही.

चौकशीला आलेल्या माणसानं बॅटरी मारून पाहिलं. "अर्थिंग तो है," म्हणाला. मग कोणीतरी म्हणालं, जेवून तसाच आला, ओल्या हातानं धरलं असणार. हिरू तिथंच उभी होती. तिनं आपल्या हातांकडे बघितलं.

सळई जागेवर असती तर तो ओल्या हातानंही जगला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी तिच्याशी लग्न केलं. का? आवडत होती. दयाही आली असेल. आणि कोण काय बोलतं ते घरात बसून कळत राहील, हेही असेल. यातलं कुठलं खरं — सगळंच असेल.

लग्नानंतर तिनं कोणाच्याही हातावर पाणी घातलं नाही. पाहुणा असो, जावई असो, तांब्या बाजूला ठेवून आत निघून जायची. माझी आई टोमणा मारायची, "हिच्या माहेरी हातावर पाणी घालायची पद्धत नाय वाटतं." हिरू ऐकून घ्यायची. मी समोर जेवत असायचो. मीही ऐकून घ्यायचो.

बँडवाली पोरं दर वर्षी किनाऱ्यावर स्टेज बांधतात. दामूचा फोटो लावतात, खुर्चीवर गिटार ठेवतात, जुन्या वाजवणाऱ्यांना शाल देतात. आता दामूच्या पार्टीतला मीच उरलोय. टाळ्या जास्त मलाच. हिरू त्या शाली डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवायची. माणसं घरी आली की काढून दाखवायची.

त्या दुपारी तार पुसता पुसता ती म्हणाली, "उद्या मी बोलणार हाय."

"कुठं?"

"स्टेजवर. दर वर्षी नुसती समई लावते नि खाली उतरते. यंदा सांगून टाकते. माज्या हातच्या पाण्यानं गेला."

"गप बस. लोक हसतील."

"हसू दे." ती थोडा वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "तुमी होता ना तिथं. तुमीच सांगा. मी हात पुसायला फडका दिला असता तर वाचला असता ना तो?"

गिटार माझ्या मांडीवर होती. तिचा चेहरा एवढ्या जवळ होता. दुसरं कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत असं थेट तिनं कधी विचारलं नव्हतं.

"काय माहीत," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, जणू मी बरोबर उत्तर दिलं. "तारा चांगल्या निघाल्या यंदा," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली.

बायकांनी तिला पडवीत घेतलं. बँडवाली पोरं स्टेज अर्धवट सोडून आली, चपला काढून अंगणात उभी राहिली. आमच्यात शेवटचं पाणी नवऱ्यानं घालायचं. शेजारच्या गंगीमावशीनं तांब्या भरून माझ्या हातात दिला. मावशी एडवणच्या त्या हळदीला नाचली होती. हिरूचे हात तिनं पोटावर नीट ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "भावाला पाणी घातलं ते जन्मभर वाहिलं बिचारीनं. सुटली एकदाची. नाय का रे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तिच्या दोन्ही हातांवर पाणी ओतलं. तांब्या रिकामा होईपर्यंत ओतलं.

आणि गंगीमावशीकडे बघून मान हलवली. हो म्हणून.