दुसऱ्यांदा पडल्यावर

कवळीचा पहिला संशय खुर्चीवर गेला. व्हिडिओ गेमच्या सलग चौथ्या स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत गारद झाल्यावर त्याने ठरवलं, की खुर्ची करकरते आणि शेजारी बसलेल्याला त्यावरून आपली पुढची चाल कळते. पाचव्या स्पर्धेला हा पठ्ठ्या उभा राहून खेळला. मागच्या रांगेतले "खाली बस" म्हणून ओरडले, पंचांनी दोनदा हटकलं, आणि एवढं सगळं करून हरायचा तो हरलाच.

खुर्ची निर्दोष सुटली. मग बटणांची पाळी आली. कोणीतरी बटणांचा आवाज ऐकून खेळतंय असं वाटून त्याने कंट्रोलर उघडला आणि आत जाड कापडाच्या चकत्या चिकटवल्या. त्यानंतर नंबर लागला कामावरच्या सोबत्याचा. त्या बिचाऱ्याने एका आठवड्यात दोनदा "मॅच कधी आहे रे?" असं विचारलं होतं. एवढ्या भांडवलावर कवळी त्याच्याशी तीन आठवडे दातांशिवाय दुसऱ्या कशावर बोलला नाही.

दातांचा विषय तिथे चालण्यासारखा होता. तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा आणि खेळातलं त्याचं नावही तेच पडलं होतं. जिंकल्यावर तो ओठ घट्ट मिटून हसायचा, त्यामुळे हा बनवतो तशी वापरतही असणार, अशी एक अफवा होती. पंधराव्या वर्षी कोपऱ्यावरच्या दुकानात नाणं टाकून चालणाऱ्या मशीनवर मोठ्या पोरांना लोळवून त्याने सुरुवात केली. विसाव्या वर्षी पहिली स्पर्धा, चोविसाव्या वर्षी अंगावर संघाचा शर्ट, सत्ताविसाव्या वर्षी हंगामाच्या अंतिम स्पर्धेत तिसरा नंबर. आता तो तेहतीस वर्षांचा होता, आणि स्क्रीनवरच्या मारामारीच्या या खेळात तेहतीस म्हणजे आजोबाच. बोटं अजून ऐकायची, पण पूर्वी सांगायच्या आधी ऐकायची. संघाने गोड शब्दांत कळवलं होतं, की या हंगामात पहिल्या सोळांत आला नाही तर शर्ट परत. तो सतरावा होता आणि एकच स्पर्धा उरली होती.

हरण्याचं त्याला एवढं वाटत नव्हतं, हरायची तऱ्हा खुपत होती. या खेळात आपला गडी जमिनीवर पडला की उठतानाचा अर्धा सेकंद फार वाईट. उठणारा मार अडवेल, ठोसा हाणेल, पकड घालेल की मागे उडी घेईल, हे समोरच्याला ताडावं लागतं. पण गेले सहा महिने समोरचे ताडत नव्हते, त्यांना ठाऊकच असायचं. विशेषतः बगळ्याला. बगळा म्हणजे मान पुढे काढून बसणारा एक उंच खेळाडू. वाट बघत बसायचा आणि एकदाच चोच मारायचा. यादीत तो सोळावा होता, म्हणजे नेमका कवळीच्या डोक्यावर.

संशय आला की कवळीला एक खोड होती. तो स्क्रीन सोडून समोरच्याच्या हातांकडे बघायचा. तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाहीत, असं त्याचं म्हणणं. बगळ्याचे हात तर अगदी निवांत असायचे. नशिबावर खेळणाऱ्या माणसाचे हात असे नसतात. कुठेतरी पाणी मुरत होतं.

कवळीचा खेळ आतून ओळखणारं माणूस जगात एकच होतं. ते घरातच होतं, म्हणूनच त्याच्यापर्यंत संशय पोचायला सहा महिने लागले.

बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली होती. आई गेल्यावर घर खायला उठायचं, तेव्हा एक दिवस ते कवळीशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "मला पण दे एक." चार वर्षांत ते त्याचे सरावाचे जोडीदार झाले. हात मंद, पण माणूस चिवट. एकदा मार्ग पाठ झाला की झाला, मग कोणी कितीही सांगो, बाबा वळण बदलायचे नाहीत. कवळीने त्यांना बसून असं काही कधी शिकवलं नव्हतं. ते बघून बघून शिकले. त्याचाच बुटका पहिलवान घ्यायचे आणि त्याच्यासारखंच खेळायचे, फक्त हळू.

एका मंगळवारी लॅबची भट्टी बंद पडली आणि कवळी दुपारी अडीचलाच घरी आला. दारात एक बूट काढला, दुसरा काढायला वाकला, तोच बाबांच्या खोलीतून हसणं ऐकू आलं. आईमागे बाबा असे हसल्याचं त्याला आठवत नव्हतं. मग स्पीकरमधून कोणीतरी म्हणालं, "काका, गेलात परत!"

आवाज बगळ्याचा होता.

कवळी एका पायात बूट ठेवून दाराच्या फटीतून बघत राहिला. बाबांचा पहिलवान पडला, उठला, मार अडवला. पुन्हा पडला, आणि या वेळी उठल्या उठल्या टुणकन मागे उडाला. बगळ्याचा गडी आधीच तिथे धावत आला होता. दणका बसला. पुढच्या डावात तेच. त्याच्या पुढच्यातही तेच. तिसऱ्यांदा बघितल्यावर कवळीच्या पायाखालची वाळू सरकली, कारण ती उडी त्याची स्वतःची होती. एकदा पडल्यावर तो डोकं चालवायचा. लगेच दुसऱ्यांदा पडला की घाबरायचा आणि मागे पळायचा. अठरा वर्षांत हे त्याला स्वतःला कधी दिसलं नव्हतं. बगळ्याला मात्र घरबसल्या दिसत होतं, तेही सावकाश.

"कोणाशी खेळत होतात?" चहाच्या वेळी त्याने विचारलं.

"कोणी नाही रे. असाच एक," बाबा म्हणाले आणि कोरडा कप पुन्हा पुसायला लागले.

त्या कपाने घात केला. बाबा फिरायला गेल्यावर कवळीने त्यांच्या मशीनवरची खेळलेल्या डावांची यादी काढली. मंगळवार आणि गुरुवार, दोन ते चार, गेले सहा महिने. चार नावं होती आणि चारही पहिल्या विसांतली. म्हणजे आपला बाप हीच शत्रूची तालीम झाली होती! मुद्दाम की नकळत? मुद्दाम नसेल तर लपवलं कशाला? का आपण हरून घरी बसावं असंच त्यांना वाटतं? पुढचे चार दिवस कवळी जेवताना बाबांच्या हातांकडे बघत होता. ते हात पोळीचा घास मोडत होते, पण त्यातही त्याला काहीबाही दिसायला लागलं.

सरळ विचारलं असतं तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण सरळ विचारेल तो कवळी कसला?

रविवारी सकाळी तो म्हणाला, "बाबा, बसा. एक नवीन शिकवतो."

"मला?" बाबांनी चष्मा सदऱ्याला पुसला आणि खुर्ची इतकी जवळ ओढली, की दोघांचे गुडघे लागले.

"मी आता दुसऱ्यांदा पडल्यावर मागे जायचं सोडलंय. उठल्या उठल्या पकड घालायची. समोरचा धावत आलेला असतो, आयता सापडतो."

"मागे नाही जायचं."

"अजिबात नाही."

"मला वाटायचंच," बाबा म्हणाले. "तू मागे जातोस तिथे मार खातोस. पण म्हटलं, आपण कोण सांगणारे. तुझा तो धंदा."

कवळी ऐकलं न ऐकल्यासारखं करून पुढे शिकवत राहिला. बाबा दुपारपर्यंत तेवढंच घोकत होते. पडायचं, उठायचं, पडायचं, उठायचं, पकड. जेवतानाही त्यांचा अंगठा ताटाच्या कडेवर चालू होता. मध्येच ते म्हणाले, "आज कसं काय सुचलं रे तुला शिकवायचं?"

"असंच," कवळी म्हणाला.

त्यानंतर मंगळवार गेला, गुरुवार गेला, आणि आणखी एक मंगळवार. बाबांच्या खोलीतून हसणं येतं का, हे ऐकायला कवळी घरी नव्हता. त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

शेवटच्या स्पर्धेत तिसऱ्या फेरीत त्याची गाठ बगळ्याशीच पडली. मोठा हॉल, दोन खुर्च्या, दोन स्क्रीन. पहिल्याच डावात कवळीचा पहिलवान पडला. उठला, अडवलं. पुन्हा पडला. पकडीवर एकच उतारा असतो, जागच्या जागी वर उडी. कवळीने तिरक्या नजरेने शेजारचे हात बघितले. बगळ्याचा अंगठा वर सरकत होता.

म्हणजे बाबांचा नवा धडा बगळ्यापर्यंत पोचला होता. कवळीचा पहिलवान पकड न घालता उठता उठता खालून वर ठोसा घेऊन आला, आणि बगळ्याचा गडी हवेतून दगडासारखा खाली आला. सामन्यात हे चार वेळा घडलं. चौथ्यांदा बगळ्याने हात कंट्रोलरवरून उचलून पँटला पुसले. कवळी जिंकला, पुढच्या दोन फेऱ्याही जिंकला आणि सोळावा झाला. शर्ट राहिला.

स्पर्धा संपल्यावर हात मिळवताना बगळ्याने त्याचा हात सोडलाच नाही. "काकांना पण खोटं शिकवलंस?"

"तू त्यांच्याकडून चोरत होतास ते चाललं?"

"चोरत होतो. आधी त्यासाठीच जायचो, नाकारत नाही. मग त्यांच्या गप्पांसाठी जायला लागलो. तुला सांगू नका असं मीच म्हणालो होतो त्यांना, तू बंद करशील म्हणून. ते पण घाबरले. मंगळवार गेला तर काय करू, म्हणाले." बगळ्याने आता कुठे हात सोडला. "आणि त्या पकडीचं तर किती कौतुक! म्हणे, चार वर्षांत पहिल्यांदा माझा मुलगा स्वतःहून मला शिकवायला बसला. दोन तास तेच सांगत होते. मंगळवारी मी येणार आहे नेहमीसारखा, सांग त्यांना."

कवळीला एवढी लाज वाटली, की त्याला बाहेरची वाट सापडेना. वाटेत त्याने माफीची वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली.

बाबांनी पूर्ण सामना घरी बघितला होता. ते दारातच म्हणाले, "छान खेळलास. चौथा ठोसा तर फारच छान." त्यांनी चहा टाकला. पकडीबद्दल चकार शब्द काढला नाही.  जुळवलेली वाक्यं सोडून कवळीने बगळ्याचा निरोप तेवढा सांगितला. बाबा "बरं" म्हणाले. पण मंगळवारी त्यांची खोली शांत होती. गुरुवारीही. मशीनवर त्यांनी टॉवेल टाकून ठेवला होता.

रविवारी सकाळी कवळीने तो टॉवेल काढला, दोन कंट्रोलर लावले आणि बाबांची खुर्ची स्वतः ओढून आणली.

"बाबा, माझं चुकलं. मी तुमच्यावर संशय घेतला."

"हं," बाबा म्हणाले. "गाडी चालवताना मी आरशात बघायचो तसं तू माझ्याकडे बघत होतास. कळत होतं मला."

"बसा ना. तो वरचा ठोसा शिकवतो. माझा खरा."

बाबा बसले. कंट्रोलर हातात घेतला, पण बटणाला हात लावला नाही.

"हे माझ्यासाठी आहे," त्यांनी विचारलं, "की बगळ्यासाठी?"

"तुमच्यासाठी. शपथ."

बाबांनी मान हलवली. कवळी दाखवायला लागला. पहिलवान पडला, उठला, पुन्हा पडला. "आता बघा, इथे," असं म्हणून त्याने शेजारी पाहिलं. बाबा स्क्रीनकडे बघत नव्हते. ते त्याच्या हातांकडे बघत होते.