हलू नका, यंत्र चालू आहे

आमच्या ह्यांना पगार मिळतो तो माती मोजण्याचा, पण दिवस जातो लोकांना थांबवण्यात. जमिनीत सतत बारीक कंप असतो, आपल्याला तो कळत नाही. वीतभर उंचीचं एक यंत्र जमिनीवर ठेवून हे अर्धा तास तो टिपतात आणि खाली गाळ किती जाड आहे, भूकंपात तो किती हलेल, ते काढतात. खडक म्हणजे ताटली, गाळ म्हणजे तिच्यातलं दही. ताटली जराशी हलली तरी दही थरथरतं. एवढं शास्त्र मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. यंत्राजवळून कुणी चाललं की नोंद बिघडते, म्हणून हे हात वर करून "हलू नका" म्हणत उभे असतात. गल्लीतली मुलं ह्यांना स्टॅच्यूकाका म्हणतात. ह्यांना ते आवडतं.

आणि ह्यांच्याच घरात, जिने हलायला हवं ती हलेना. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. महिनाभरात चालल्या नाहीत तर पुढे अंथरूणच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी हात पुढे केला की त्या भिंतीकडे तोंड फिरवायच्या. हे विनवायचे, मी चिडायचे. तीन आठवडे असेच गेले.

त्या सुमारास यंत्र दुरुस्त होऊन आलं. ते तपासायला ह्यांनी दिवसभर घरातच लावून ठेवलं. आम्ही दोघं कामावर, आई पलंगावर, याहून शांत जागा कुठे मिळणार, असं ह्यांचं म्हणणं. आमचं घर जुन्या तळ्याच्या गाळावर आहे, तिथे उंदीर पळाला तरी नोंद होते.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर नोंद उघडली, तर दुपारी सव्वादोनच्या जागी टोकांची रांग दिसली. आधी आळ माझ्यावर आला, की मी दुपारी घरी येऊन गेले. मी पोस्टाच्या खिडकीत होते, साक्षीला अख्खी रांग होती. मग फ्रिजवर आला, मग शेजारच्या मांजरावर. मग हे पडद्याजवळ वाकून एकेक टोक बघू लागले. एक पाऊल जड, एक हलकं, आणि हलक्याच्या आधी दरवेळी एक बारीक टोक.

"काठी आहे," हे म्हणाले.

खिडकीपर्यंत अकरा पावलं, थोडी विश्रांती, परत अकरा. मला रडू आलं, आणि खरं सांगते, रागही आला. यंत्र तसंच लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी चौदा निघाली, तिसऱ्या दिवशी एकोणीस. सासूबाईंनी मात्र ताकास तूर लागू दिली नाही. पडलेच तर कुणी बघायला नको, एवढाच त्यांचा हट्ट असणार. पण एकट्या पडल्या तर उचलणार कोण, या विचाराने आम्हाला घास गोड लागेना.

रविवारी सकाळी ह्यांनी यंत्र खोलीच्या मधोमध ठेवलं आणि सुरू केलं. मी सवयीने जागच्या जागी थांबले.

"आई, यंत्र चालू आहे," हे म्हणाले. "चाल."

सासूबाईंनी यंत्राकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. तुझ्या यंत्राला चहाड्या करायची खोड दिसते, एवढं बोलून त्यांनी पांघरूण बाजूला केलं आणि पलंगाखालून काठी ओढली. पाचव्या पावलाला त्या जराशा झुकल्या. मी धावणार, तेवढ्यात त्यांनी मोकळा हात वर केला.

"तू हलू नकोस गं," त्या म्हणाल्या. "नोंद बिघडेल."