परतवाड्याचं चौथं ताट

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि बहुतेकांना हसतो, हे आधीच सांगून टाकतो. भूत, चकवा, अंगात येणं... या मंडळींशी माझं कधी जमलं नाही. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर आमच्या बापाने देव्हाऱ्यातले देव गावच्या नदीत सोडले. देवांच्या मागोमाग भुतंही गेली असावीत, कारण त्यानंतर आमच्या घरात कोणाला काही दिसलं नाही. पुढे मी सरकारी कचेरीत कारकुनी केली. कागद असेल तर बोला, नसेल तर घरी जा – असा माझा स्वभाव. तरीही हे सांगतोय. म्हणजे मी सांगतोय आणि नात टाइप करतेय. ती म्हणते, आजोबा, यात घाबरण्यासारखं काहीच नाही. खरं आहे. मला तेव्हाही भीती वाटली नव्हती. काहीच वाटलं नव्हतं.

साल साठ-एकसष्टच्या आसपास, महिना श्रावण, वार रविवार. मी मूळचा हिवरखेडचा. अकोल्यात नोकरी लागली तेव्हा जुन्या शहरात एक खोली भाड्याने घेतली. कचेरीत माझे तीन दोस्त होते – मधुकर, वसंता आणि दिगंबर. मधुकर हौशी आणि घाईचा. वसंता गरीब गाय, कोणाचं मन मोडायचं नाही म्हणून दिवसभर मान हलवणारा. दिगंबर टवाळ. दर रविवारी सकाळी नऊला मोर्णा नदीच्या पुलाजवळच्या हॉटेलात आम्ही चौघं चहाला बसायचो. दिगंबरच्या खोलीवर एका ताटात जेवायचोही. मात्र कोणाच्या घरी, आई-मावश्या असतील तिथे, मी सहसा जात नसे. तसं कोणी कधी बोललं नव्हतं. बोलायची गरज नव्हती.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. मधुकरकडे एक बॉक्स कॅमेरा होता. कॅमेरा त्याचा, पण फोटो काढायचं काम माझं. रोल भरायचा मी, स्टुडिओत डेव्हलप करायला द्यायचा मी, आणायचा मी. साहजिकच आमच्या एकाही फोटोत मी नाही. शिवाय माझा डावा खांदा लहानपणी ओझी वाहून उतरता झालाय, त्यामुळे मी काढलेला प्रत्येक फोटो एका अंगाला कलतो. दिगंबर चिडवायचा, "नाम्याच्या फोटोत सारे घसरून राहिले बे." नाम्या म्हणजे मी, नामदेव.

तर त्या रविवारी मी नऊला हॉटेलात गेलो. तिघं येतीलच म्हणून चार चहा सांगितले. चहा आले, तिघं आले नाहीत. बाहेर बारीक पाऊस होता. मी चार कपांसमोर बसून राहिलो. पुढचं आठवतं ते एकदम हॉटेलवाल्या काकांनी खांद्याला हात लावला ते. चारही कपांवर साय धरली होती. काका म्हणाले, "दोनदा आवाज दिला तुमाले. डोये उघडे, अन् ध्यानच नाई. बरं नाई का?" भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते. मला वाटलं, बसल्याबसल्या डुलकी लागली असेल. अजूनही तसंच वाटतं... बहुतेक.

खोलीवर आलो. चूल पेटवायचा कंटाळा आला, भूकही नव्हती. तसाच उपाशी पडलो तो पाच वाजता उठलो.

दिवेलागणीला दार वाजलं. तिघं उभे. कपडे चिखलाने भरलेले, तोंडं उतरलेली. कोणी आत येईना. मग मधुकर पुढे झाला आणि त्याने माझा दंड धरून दाबून पाहिला, बाजारात बैल पाहतात तसा.

"तू कुठी होता आज?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, हॉटेलात. तुमची वाट पाहत. तुम्ही कुठे होता?

दिगंबर उंबऱ्यावर बसला. आणि मग, तुटक तुटक, कोणी मधूनच तर कोणी शेवटून, जे सांगितलं ते मी इथे सरळ लावून सांगतो.

शनिवारी कचेरी सुटल्यावर मी निघून गेलो आणि मागे यांची टूम निघाली. मधुकरच्या मेव्हण्याने लष्कराच्या लिलावातून एक जीप घेतली होती, ती एक दिवस मिळत होती. श्रावणात चिखलदऱ्याला धुकं उतरतं, हाताला हात दिसत नाही म्हणतात, ते पाहून येऊ. परतवाड्याला वसंताचे मामा राहायचे. वसंता म्हणाला, जेवण मामीकडे. आणि तिथेच तिघं गप्प झाले. माझं नाव कोणी घेतलं नाही. शेवटी दिगंबर म्हणाला, त्याले कायले त्रास. एवढंच. ठरलं.

उजाडता उजाडता निघाले. दर्यापूर, अंजनगाव करत परतवाडा. मामीला दारातूनच सांगितलं, दुपारी तिघं जेवायला आहोत. आणि घाट चढायला लागले. पहिल्या वळणांवर ऊन-पाऊस होता, मग धुकं. जीपच्या नाकापुढचं दिसेना. मधुकर एक पाय ब्रेकवर ठेवून, डोकं बाहेर काढून चालवत होता. वसंता त्याच्या शेजारी. दिगंबर मागे, आणि मागे त्याच्या बाजूला, स्टेपनीला पाठ लावून – मी.

मी म्हटलं, कधी चढलो मी?

"ते नाई आठवत," दिगंबर म्हणाला. "तू होता, बस. तू तसाबी कुठी बोलतं? कोनाले वेगळं वाटलंच नाई."

मग मागून माझा आवाज आला म्हणे. मधू, थांब, फोटो काढतो. मधुकरने गाडी थांबवली. तिघं उतरून जीपच्या पुढे उभे राहिले. मधुकरने कॅमेरा माझ्या हातात दिला. मी तो पोटाशी धरला, मान खाली घातली, नेहमीसारखं "हलू नका" म्हटलं आणि फोटो काढला. त्यानंतर दिगंबर लघवीला म्हणून रस्त्याने चार पावलं पुढे गेला. पुढे रस्ता नव्हता. रात्रीच्या पावसाने अख्खं वळण खचून दरीत गेलं होतं. धुक्यामुळे ते तोंडाशी जाईपर्यंत दिसत नव्हतं. दिगंबरचा एक पाय कडेवरून सुटलाच होता, झुडूप हाती लागलं म्हणून वाचला. फोटोचं निमित्त नसतं तर जीप थांबलीच नसती.

कशीबशी गाडी फिरवली, उतरले. खाली येईपर्यंत कोणी मागे वळून पाहिलं नाही. मामीने पानं घेतली. चार. तिघंही हातपाय धुऊन बसले आणि चार ताटांचं कोणालाच काही वाटलं नाही. वसंता मला हाक मारायला उठला. दारापर्यंत गेला, "नामदेव" असं म्हणालाही, आणि तिथेच थिजला. त्याला आठवलं की नामदेवला आपण आणलंच नाही. आणि का आणलं नाही, तेही आठवलं. जीपपाशी कोणी नव्हतं. तिघं न जेवता उठले आणि थेट अकोल्याला माझ्या दारात आले. मी जिवंत आहे की नाही, ते पाहायला.

सगळं सांगून झाल्यावर वसंता रडायला लागला. म्हणाला, "मामीच्या घरी तुले ताट वाढलं असतं का नाई, मले भरोसा नव्हता. म्हणून नाई नेलं बे. तुले भायेर बसवलं असतं तर मी काय केलं असतं?"

मला राग यायला हवा होता. तुम्ही वाचणारे म्हणाल, आनंद व्हायला हवा होता, दोस्त वाचले. दोन्हीपैकी काही झालं नाही. पाय झोपल्यावर चिमटा काढावा आणि कळू नये, तसं होतं. मी चहा ठेवला. चार कप केले. ते प्यायले आणि गेले.

त्या रात्री मी विचार केला तो कारकुनाचा. अपराधी माणूस काहीही रचतो. मित्राला टाकून गेलो हे सांगण्यापेक्षा तू आमच्यासोबतच होतास हे सांगणं सोपं. जीव जाता जाता वाचल्यावर डोकं ठिकाणावर नसतंच. मी प्रकरण बंद केलं.

सोमवारी मधुकरने रोल माझ्या हातात ठेवला. नेहमीप्रमाणे मीच स्टुडिओत दिला, आठ दिवसांनी मीच आणला. बाकीचे फोटो असेतसेच होते – जीप, घाटाचा पायथा, कुठे मधुकर-वसंता, कुठे दिगंबर एकटा. एका फोटोत मात्र तिघं होते. जीपसमोर, खांद्याला खांदा लावून, मागे पांढरं. मी मधुकरला विचारलं, वाटेत कोणी गवळी भेटला? जंगलखात्याचा माणूस? कोणाच्या हाती कॅमेरा दिला होता?

"तुले देल्ला," तो म्हणाला. वैतागूनही नाही, साधं.

फोटो एका अंगाला कलला होता. तिघंही घसरून चालले होते.

आता घाटातला रस्ता चढाचा, कोणीही काढला तर फोटो कलणार. हे मी स्वतःला तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो. फोटो माझ्याकडेच आहे.

आमचं भांडण झालं नाही. पण रविवारचा चहा हळूहळू सुटला. कधी एकाला काम, कधी दुसऱ्याला. समोर बसलं की तिघं माझ्याकडे असे बघायचे की मी चहा अर्धा टाकून उठायचो. मधुकरने दोनदा म्हटलं, चल, चिखलदऱ्याला जाऊन येऊ, सगळे मिळून. मी म्हटलं, मी तर जाऊन आलो ना. त्याला ते लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं. चिखलदरा मी आजवर पाहिलेला नाही.

एकटा वसंता टिकला. त्याची अमरावतीला बदली झाली, लग्न झालं. तीन-चार वर्षांनी मुलीच्या बारशाला त्याने पत्र टाकून बोलावलं. खाली लिहिलं होतं, तू आला नाहीस तर मी समजेन. हे वाक्य वाचून मी गेलो. खोलीवर भाकरी खाऊन निघालो, तिकडे जेवणाची पाळी येऊ नये म्हणून. सवय असते.

वसंता बाजारात गेला होता. ओसरीवर एक म्हाताऱ्या बाई परातीत तांदूळ निवडत होत्या. मी कोण, कुठला, काही सांगितलं नव्हतं. त्यांनी वर पाहिलं आणि हात थांबला.

"जीपपाशी उभे होते ते तुमीच ना?" त्या म्हणाल्या. "पाय ओले होते तुमचे."

परतवाड्याच्या मामी ह्याच, एवढं कळलं.

"मी दारातून म्हटलं, आंदर या, पानं घेतली. तुमी म्हटलं, मी इथीच बरा."

हे वसंताने मला कधी सांगितलं नव्हतं. त्यालाही माहीत नसावं. आणि ते वाक्य... मी इथेच बरा... ते माझं आहे. हिवरखेडपासून अकोल्यापर्यंत कितीतरी दारांत मी ते बोललोय.

मामी पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. खाली बघूनच म्हणाल्या, "वसंतानं मंग सांगितलं मले, तुमाले कावून नेलं नाई ते. तवा मले माईत असतं तर आंदर बलावलं असतं का? आता या वयात खोटं कायले बोलू. नसतं बलावलं." परात बाजूला सारली. "पन ताट वाढलं होतं. कोनंच खाल्लं नाई. गाईले घातलं ते. मनाले लागून राहिलं इतके वर्सं... त्या दिवशी उपाशीच गेले का तुमी?"

मी तिथे नव्हतो. अकोल्यात होतो, हॉटेलवाले काका साक्षीला आहेत, हे मी त्या तिघांना शंभरदा सांगितलं होतं. मामींनाही तेच सांगणार होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "हो मामी."

फोटोला मी कारण देऊ शकतो. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना देऊ शकतो. मामींना दुसराच कोणी दिसला असेल, असंही म्हणू शकतो. पण तो 'हो' माझ्या तोंडून आला आणि तो खोटा नव्हता, याला माझ्याकडे आजही काही कारण नाही.

मामी उठल्या, आत गेल्या आणि ताट वाढून घेऊन आल्या. मी बसलो आणि जेवलो. भाकरी खाऊन निघालो होतो, तरी फार भूक लागली होती.