रडण्याचा गहू

नांदूरघाटच्या बाजारात मी किस्सा रंगवायला लागलो की लोकांच्या हातातला चहा गार होतो. नकला करायच्या त्या मीच. पण हा किस्सा — हा मी कुणालाच सांगितलेला नाही. बायकोलाही नाही. तुम्ही म्हणाल, याच्या पोटात काही राहतं का? हे राहिलं.

माझं मोबाइलचं दुकान आहे. गरीब घरांना सवलतीत फोन देण्याची योजना आली, तिचं वाटप माझ्याकडून झालं. गयामावशी फोन न्यायला आली. मेंढरं राखणारी एकटी बाई. लेक रुक्मिण नवऱ्याबरोबर माजलगावकडं ऊसतोडीला गेलेली. फोन तिच्याशी बोलायलाच हवा होता. फोन उलटासुलटा करत मावशीनं विचारलं, "दादा, सवलत म्हंजी काय?"

हा प्रश्न माझ्यासारख्याला विचारावा का? तोही दुकानात टोळकं बसलेलं असताना? मी चष्मा पुसला, आवाज जड केला. "मावशे, सवलत म्हणजे बोलणं स्वस्त. पण रडायचं नाही. फोनवर रडलं की रेशनचा गहू कापतात. पलीकडचा रडला तरी तुझाच."

एकाच्या नाकातून चहा आला. मावशी गंभीरपणे मान हलवत होती. काय रंगला होता प्रसंग — आजही आठवला की मजा वाटते. हो, वाटते.

पुढं ती दिसली की मी विचारायचो, गहू पुरा मिळाला का? ती म्हणायची, मिळाला, रडले न्हाई. टोळकं खूश.

मग एकदा ती दुकानात असतानाच फोन वाजला. मीच स्पीकर लावला — कावून? सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. रुक्मिण होती. "आई..." म्हणाली आणि हुंदकेच द्यायला लागली. मावशीनं माझ्याकडं पाहिलं. फोनकडं नाही, माझ्याकडं. आणि मी? मी चिमटीतून दाणे सांडल्यासारखं करून दाखवलं.

"रडू नगं गं बाई, गहू जातोय. ठिवते," म्हणून तिनं फोन कापला.

रुक्मिणीचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाला माहेरी ने, एवढंच तिला सांगायचं होतं. फडातच मोकळी झाली. मूल गेलं. हे तिच्या नवऱ्यानं बाजारात सांगितलं. आईला गहू प्यारा, असं म्हणून रुक्मिणीनं बोलणं टाकलं, हेही त्यानंच सांगितलं.

काही दिवसांनी भरदुपारी मावशी आली. दुकानात मी एकटाच होतो. खरं बोलायला एवढी सोय पुन्हा कधी मिळणार होती?

"दादा," ती म्हणाली, "आज म्या तिला फोन लावते. आमी दोघी बी रडू. ह्या महिन्याचा माझा समदा गहू कापा. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.