सतरा एकांच्या संख्येबाबत मागविलेल्या हरकती

अर्जदार: मी स्वतः, राहणार कोल्हापूर, धंदा अर्ज लिहिणे, शिक्षण नववीपर्यंत. जाबदार: एकापुढे एक असे सतरा एक मांडून होणारी संख्या. साक्षीदार: माझी मुलगी, त्या वेळी दहावीत, तसेच कचेरीबाहेरचा चहावाला. काळ: नव्वदचे दशक सरत आले तेव्हाचा. नावे मुद्दाम दिलेली नाहीत. संबंधित सर्व जण मला ओळखतात.

टंकयंत्राची फीत बदलली की मी एकाचा आकडा ओळीने उमटवून पाहत असे. अशाच एका कागदावरचे सतरा एक मोजून मुलीने विचारले, "आप्पा, ह्याला कशानं भाग जातोय?" मी शंभरापर्यंतच्या सर्व अविभाज्य संख्यांनी भागून पाहिले. दर वेळी बाकी उरली. मी निवाडा दिला, "कशानेच नाही. ही अविभाज्य आहे."

तिने तो निवाडा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर ठळक उतरवला आणि खाली लिहिले, 'तपासणार: माझे वडील.'

ती ओळ वाचल्यापासून मला अन्न गोड लागेना. तिच्याच पुस्तकात होते की, वर्गमुळापर्यंतच्या अविभाज्य संख्यांनी भागून पाहिल्याखेरीज असा निवाडा देता येत नाही. येथे वर्गमूळ दहा कोटींच्या पुढे जात होते, आणि मी शंभरावर थांबलो होतो. शिवाय सात एकांची संख्याही अशीच अभेद्य दिसते. तिला दोनशे एकोणचाळीसने निःशेष भाग गेला. मग सतराचा काय भरवसा?

जमिनीच्या व्यवहारात आपण जाहीर नोटीस देतो. मुदतीत हरकत न आल्यास कोणाचा हक्क नाही असे धरतो. मी तोच मार्ग पत्करला आणि कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलाला नोटीस डकवली: 'सदर संख्येस एक व ती स्वतः यांखेरीज अन्य भाजक असल्यास त्याच्या वतीने कोणीही प्रदर्शनापूर्वी पुराव्यासह हजर व्हावे. अन्यथा असा भाजक नाही असे समजण्यात येईल.'

चहावाला म्हणाला, "भाऊ, मटक्याचा आकडा फोडलाय व्हय आज?"

मुरगूडहून वाटणीच्या अर्जासाठी आलेल्या एका गृहस्थांनी नोटीस दोनदा वाचली. "पावणं, एवढा मोठा आकडा, आन् वारस कुणीच न्हाय?"

"तेच विचारले आहे."

"मग लावा की माझंच नाव!"

सगळे हसले. मी मात्र टेबलाजवळ कोणाची चाहूल लागली की दचकून वर पाहत असे. मुदत संपली; हरकत आली नाही. रीतसर मी सुटलो होतो, पण नोटीस मी काढली नाही.

प्रदर्शनात परीक्षक म्हणून जयसिंगपूरच्या महाविद्यालयातील गणिताच्या बाई होत्या. मी खांबाआड उभा राहिलो.

"हे कसं तपासलं, बाळ?"

"माझ्या आप्पांनी नोटीस काढलीती, बाई. कुणाची हरकतच आली न्हाय."

शेजारची मुले फिदीफिदी हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी संख्या उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या संगणकावर सापडलेला भाजक चिठ्ठीवर आणून दिला: २०७१७२३.

मी तेथेच बाकावर बसून भागाकार मांडला. उत्तर आले ५३६३२२२३५७. बाकी शून्य.

मुलीने तक्त्यावरचा 'अविभाज्य' हा शब्द खोडला. मग पेन माझ्या ओळीवर नेऊन थांबली. "आप्पा, आता ह्या दोघांस्नी कशानं भाग जातोय?"

'कशानेच नाही' हे शब्द ओठांवर आले होते. ते मी गिळले. "विचारून सांगतो," म्हणालो, आणि घरी येऊन बाईंना अर्ज टंकला. त्याचा अखेरचा परिच्छेद असा:

सबब नम्र विनंती की, उपरोक्त दोन्ही भाजक स्वतः अविभाज्य आहेत किंवा कसे, याचा लेखी खुलासा मिळावा. खुलासा येईपर्यंत 'तपासणार' ही नोंद खोडू नये, असे मी मुलीस सांगितले आहे. तिने अद्याप होकार दिलेला नाही. तरी उत्तर सत्वर द्यावे.