देव्हाऱ्यातली गोळी

भाऊसाहेब मोहिते गल्लीतल्या कुत्र्यांच्या कानामागचे गोचीड नखाने उपटत आणि चपलेखाली चिरडत. हरिशंकरपुरममध्ये आमच्या शेजारीच राहायचे. कुणी हटकलं तर म्हणत, "अहो, आमचे पूर्वज दख्खनहून घोड्यावर बसून इकडे उत्तरेत लढायला आले. आणि मी काय या किड्याला घाबरू?" बँकेत हयात घालवलेले भाऊसाहेब स्वतः कधी घोड्यावर बसले नव्हते, हे त्यांच्या पत्नी उषाकाकू लगेच सांगायच्या.

गेल्या उन्हाळ्यात गोचीड त्यांच्या मानेलाच चावला. मान टम्म फुगली, कॉलरचं बटण लागेना. इंदरगंजच्या डॉक्टरांनी ताप नाही हे पाहून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, पुन्हा स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत. सूज झपाट्याने उतरली. "एकदम जादू आहे हो," भाऊसाहेब दूधवाल्यालाही सांगत सुटले. उरलेल्या गोळ्या त्यांनी देव्हाऱ्यात अंगाऱ्याच्या डबीशेजारी ठेवल्या. मोहित्यांकडे गुण आलेली वस्तू तिथेच जायची.

पावसाळ्यात पुन्हा चावला, काखेत. या वेळी सूज थोडी, पण अंग कसकसत होतं. भाऊसाहेबांनी देवाला हात जोडून गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी मी गेले तर पोहे खात बसलेले. "बघ, खामखा डॉक्टरकडे कशाला जायचं?" मला हायसं वाटलं. काकू मात्र सारख्या त्यांच्या कपाळाला हात लावून बघत होत्या. त्यांचा तो हात बघून मलाही भीती वाटू लागली.

गोळ्या संपल्या आणि ताप उसळला. तळहातांवर लाल पुरळ उठलं. डॉक्टरांनी पुरळ पाहताच त्यांना इस्पितळात दाखल केलं. तो गोचिडाच्या चाव्यातूनच आलेला ताप होता. गोळीने तो बरा केला नव्हता, नुसता झाकला होता आणि आत तो वाढत राहिला. त्याचं औषध वेगळं होतं, ते लगेच सुरू झालं. पण फार उशीर झाला होता.

इस्पितळात भर दुपारी काकू डबा आणायला उठल्या, तसा भाऊसाहेबांनी त्यांचा पदर धरला. "उषा, तू जाऊ नको ना. मला डर वाटतोय."

त्यांच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. काकू पुन्हा खाली बसल्या. डबा आणायला मी गेले.

परत आले तेव्हा सगळं संपलं होतं. पदर अजून त्यांच्या मुठीत होता आणि तो सोडवायला काकू कुणाला हात लावू देत नव्हत्या.